एका सेमिस्टरचे कपडे

आमच्या इमारतीत तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत जी बाई राहत होती तिला सगळे घडीताई म्हणत. नवरा तेवढा "ए" म्हणून हाक मारी. ती कपड्यांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होती. इस्त्री होऊन आलेला शर्ट टेबलावर पालथा घालायचा, पाठीवर पुठ्ठा ठेवायचा, बाह्या आत वळवायच्या, खालचा भाग वर दुमडायचा, उलटा करायचा आणि पिशवीत सरकवायचा. लग्नाआधीपासून ती हेच काम करत होती. माझ्याकडे चहाला आली तरी बोलता बोलता माझ्या टेबलावरच्या पुसण्याची घडी घालून ठेवी, आणि ते पुसणे वापरायला मला जिवावर येई.

"काकू, घडीला तोंड असतं," ती म्हणे. "समोरून नीट दिसलं की झालं. मागे काय कोंबलंय ते गिऱ्हाईक दुकानात बघत नाही."

तिचा नवरा त्याच कारखान्याच्या फाटकावर होता. सुटीच्या वेळी कामगारांच्या पिशव्या आणि डबे तपासायचे हे त्याचे काम. कामगारांनी त्याचे नाव चाचपे ठेवले होते, कारण तो पिशवी उघडायलाच लावत नसे. वरून तळवा फिरवायचा, दोन बोटे दाबायचा आणि शांतपणे "काढ" म्हणायचा. आणि निघायचेच काहीतरी. कुणाकडे बटणांचे पाकीट, कुणाकडे दोऱ्याचे रीळ. त्याचा आवाज चढलेला कोणी कधी ऐकला नाही. "डोळे फसतात, हात फसत नाही," असे तो अभिमानाने सांगे. कारखान्यातल्या बायका म्हणत, बायको घडी घालते आणि नवरा मोडतो, देवाने जोडा बघूनच जुळवलाय. घडीताई या विनोदावर हसत असे. पूर्वी हसत असे.

त्याचा एक ठाम समज होता. माणूस किती कपडे घेऊन निघाला यावरून त्याच्या मनातले कळते. कारखान्यात काम सोडून पळणारा मजूर म्हणे आदल्या दिवशीच ओळखू येतो, कारण तो कपाटातली जादाची चप्पलही पिशवीत घालतो. बाहेर या समजाने त्याला बढती मिळवून दिली. घरात काय झाले ते सांगते.

त्यांना दोन मुली. मोठी आणि धाकटी, आम्हीही त्यांना तशाच हाका मारायचो. मोठीचे लग्न त्याने फाटकावरच्या साहेबांच्या पुतण्याशी लावून दिले. मुलगी गोरीगोमटी होती, मुलाला घर होते, साहेब खूश झाले. वर्षही झाले नसेल, आणि एका भर उन्हाळ्याच्या दुपारी ती एक मोठी बॅग घेऊन माहेरी आली. मी जिन्यात होते. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, हसली नाही. गळ्याभोवती तिने रुमाल गुंडाळला होता.

बाप घरी होता. त्याने आधी बॅगेवरून हात फिरवला.

"किती दिवसांसाठी आलीस?"

"बघू, बाबा."

"बघू कसं? आत कोट आहे. जाड कोट. या उकाड्यात?"

त्याने बॅग उघडली, चार दिवसांचे कपडे आत ठेवले आणि कोट, स्वेटर, बाकीचे सगळे काढून बाकावर रचले. "लेक माहेरी आली, आनंद आहे," तो म्हणाला. "चार दिवस राहा, आईच्या हातचं खा. मग मी स्वतः सोडायला येतो." आणि बोलल्याप्रमाणे तो सोडून आला.

त्याच वर्षाच्या अखेरीला मोठी सासरच्या गॅलरीतून खाली पडली. कपडे वाळत घालताना तोल गेला, असे सासरच्यांनी सांगितले. पोलीस आले, त्यांनीही तसेच लिहून नेले. घडीताईने त्यावर मला एकच प्रश्न विचारला, तोही बऱ्याच महिन्यांनी, माझ्या गच्चीवर दोरीला चिमटे लावताना.

"काकू, दिवस मावळल्यावर कोणी कपडे वाळत घालतं का हो?"

उत्तराची वाट न बघता तिने पुढचा चिमटा लावला.

धाकटी अभ्यासात हुशार निघाली. माझ्याकडे इंग्रजी शिकायला येत असे, मला आजी म्हणे. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी जे माझ्या डोक्यात कोंबले होते ते मी तिच्या डोक्यात कोंबले. बोलायला फटकळ, पण बापासमोर तोंडाला कुलूप. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाआधी तिची एका सेमिस्टरसाठी परदेशी निवड झाली. जाण्यायेण्याचे आणि राहण्याचे कॉलेजच बघणार होते. बाप नाही म्हणेल अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. तो हो म्हणाला, आणि का म्हणाला ते दोन दिवसांनी कळले. साहेबांच्या त्याच पुतण्यासाठी धाकटीला मागणी आली होती. मुलगी बाहेरून शिकून आली तर त्यांना अधिकच आवडणार होते. सेमिस्टर संपली की साखरपुडा.

"घर ओळखीचं आहे," तो बायकोला म्हणाला. "परक्यात देण्यापेक्षा बरं."

हे सांगायला घडीताई वर आली तेव्हा तिच्या हातात धुण्याची बादली होती. ती बादली खाली ठेवून माझ्या खुर्चीच्या कडेवर टेकली.

"काकू, तिला पाठवायचंय. आणि परत येऊ द्यायचं नाही."

"तिला विचारलंस?"

"तीच म्हणाली. तिकडच्या कॉलेजला तिने पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केलाय. त्यांचं उत्तर तुमच्या पत्त्यावर येईल, चालेल ना?"

"चालेल. पण अडचण काय आहे मग? विमानात बसली की बसली."

"ते आहेत ना." तिने खाली बोट दाखवले. "ते बॅगेवर हात फिरवतील. मग कपाट उघडतील. बॅगेत जास्त आणि कपाटात कमी दिसलं, की पासपोर्ट खिशात. मोठीच्या वेळी कोट होता म्हणून कळलं त्यांना."

एवढ्या कपड्यांची गरजच काय, नेईल चार जोड, बाकीचे तिकडे घेईल, असे मी म्हणाले. घडीताईने मान हलवली. "तिचा एक रुमालसुद्धा या घरात राहायला नको," ती म्हणाली. "मागे कपडे राहिले की माणूस येतं ते घ्यायला. नाहीतर कुणीतरी ते दाखवून बोलावतं." मग म्हणाली, "आणि तिथे बर्फ पडतो म्हणे."

त्या दिवसापासून धुण्याची बादली आमच्या गच्चीवर भरून येऊ लागली आणि थोडी हलकी होऊन खाली जाऊ लागली. धाकटीचे कपडे एकेक करून माझ्या पलंगाखालच्या पेटीत साठत गेले. सर्वांत शेवटी मोठीचा कोट आला. बापाने बाकावर काढून ठेवलेला तोच. घडीताईने तो पुठ्ठ्यावर घालून, मध्ये पातळ कागद देऊन दुमडला, आणि पेटीत अगदी तळाशी ठेवला. त्यावर बराच वेळ तिचा हात होता.

आता कपाट भरलेले दिसायला हवे होते. त्यासाठी तिने माझ्याकडे जुने कपडे मागितले. माझ्याकडे जुने म्हणून यजमानांचेच होते. ते जाऊन बरीच वर्षे झाली होती, तरी त्यांचे ऑफिसचे शर्ट मी ठेवले होते. कशासाठी ते मला सांगता आले नसते. मी ते काढून दिले.

"नक्की ना, काकू?"

"घे. ऑफिसात त्यांनी कधी कुणाला खोटा शब्द सांगितला नाही. आता शर्ट सांगू देत."

ती त्या वर्षात शेवटचे खळखळून हसली ते बहुधा तेव्हाच. मग कामाला लागली. धाकटीचे लहानपणचे, आखूड झालेले फ्रॉक आणि ब्लाऊज कापून तिने त्यांच्या पट्ट्या केल्या. शर्टाची घडी घालायची, तिच्याभोवती पट्टी गुंडाळायची, कडा आत वळवायच्या. कपाटात रचल्यावर समोरून गुलाबी, निळी, ठिपक्यांची अशी रांग दिसे. मी स्वतः खाली जाऊन बघितले. धाकटीचे सगळे कपडे जसेच्या तसे कपाटात आहेत असेच कोणालाही वाटले असते.

निघायच्या आठवड्यात धाकटी वर आली. आई तिथेच होती, माझ्या पलंगावर मोजे गुंडाळत बसली होती.

"आई, मी गेल्यावर तू आजारी पडलीस तर?"

"नाही पडणार."

"पडलीस तर म्हणतेय मी."

"तर खरं धरायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला फोन येतील. बाबांचा येईल, आत्याचा येईल. आई अंथरुणाला खिळली, आई डोळे लावून बसली. खरं धरायचं नाही. मेली म्हणून सांगितलं तरी नाही."

"काहीतरीच काय बोलतेस गं."

"नीट ऐक." तिने मोजे खाली ठेवले. "मोठीला त्या उन्हाळ्यात मीच निरोप धाडला होता. सोडून ये म्हणून. सगळं घेऊन ये म्हणून. मला वाटलं होतं, आली की मी सांभाळेन. या घरात ये म्हणणाऱ्याच्या हातात काही नसतं. तू माझ्यासाठी येशील, हे त्यांना माहीत आहे. म्हणून माझ्यासाठी यायचं नाही. बोल."

"नाही येणार," धाकटी म्हणाली. मग नाक पुसून तिने विषय बदलला. "आणि हे एवढे मोजे कशाला? मी काय गोम आहे?"

"तिथे पाय गारठतात."

"तुला काय माहीत, तू कुठे गेली होतीस?"

"माल गेलाय माझा. तिथल्या पार्सलात लोकरीचेच जास्त असतात."

आदल्या दिवशी दुपारी तपासणी झाली. सूटकेस माझी होती, यजमानांच्या बदलीच्या काळातली. तिचे कुलूप अडते, ते उघडून देण्याच्या निमित्ताने मी तिथे थांबले. घडीताईने सूटकेस अशी भरली होती की तिच्यावर झाकण टाकावेसे वाटू नये. जाड कपडे बिजागरीच्या बाजूला, बूट पिशवीत घालून कोपऱ्यात, बुटांत मोजे, आणि मधोमध ब्लाऊजचे दोन थर, प्रत्येकाच्या पाठीशी पुठ्ठा. खालच्या थरात मात्र पुठ्ठे नव्हते. तिथे धाकटीची प्रमाणपत्रे होती, जन्माच्या दाखल्यापासून सगळी, आणि माझ्या पत्त्यावर आलेले परदेशी कॉलेजचे पत्र. एका सेमिस्टरसाठी जाणाऱ्या मुलीला त्यांची गरज नव्हती.

चाचपे खुर्ची ओढून बसला. त्याने बाह्या वर केल्या. सूटकेसच्या चारही कडांवरून त्याचा तळवा फिरला, मग मध्ये आला. एक ब्लाऊज त्याने अर्धवट वाकवला.

"पुठ्ठा कशाला? वजन होतं."

"घडी मोडत नाही," घडीताई म्हणाली.

"पाच महिने घडी मोडायची नाही का तिला?" त्याने वरच्या थरातला एक पुठ्ठा ओढून काढला, उलटसुलट करून बघितला. कोरा पुठ्ठा. तो जमिनीवर टाकून त्याने खालच्या थरावर बोटे दाबली. तिथेही पुठ्ठ्यासारखेच लागले असावे. धाकटी खिडकीबाहेर बघत होती.

"आमची बाई म्हणजे कारखाना घरी आणते," तो मला म्हणाला, जणू आम्ही तिघे मिळून तिची थट्टा करत होतो. मग उठून त्याने कपाट उघडले. समोर उभा राहून वरपासून खालपर्यंत बघितले. बघितले फक्त. दार लावले.

"बरोबर," तो म्हणाला. "एका सेमिस्टरचे आहेत."

पलंगाखालच्या पेटीतले कपडे धाकटीच्या चष्मेवाल्या मैत्रिणीने आपल्या बॅगेतून नेले. ती त्याच विमानाने त्याच कॉलेजला चालली होती. धाकटी गेली. त्या दिवशीच्या डायरीत मी फक्त हवामान लिहिले आहे.

पुढचे काही महिने घर शांत होते. दर रविवारी सकाळी चाचपे ड्यूटीवर असताना धाकटीचा फोन माझ्याकडे येई. घडीताई ऐकत राही आणि मधूनच "खाल्लंस का?" एवढेच विचारी. तिकडच्या कॉलेजने धाकटीला पुढची दोन वर्षे घेतले होते. बर्फ पडला तेव्हा ती म्हणाली, कोटाला अजून ताईसारखा वास येतो गं. त्यावर घडीताईने फोन माझ्या हातात दिला आणि गच्चीत जाऊन उभी राहिली.

नवरा अलीकडे चांगला वागतो, असे तिने मला सांगितले. मला ते आवडले नाही, तिलाही आवडले नसावे, कारण ती ते पुन्हा पुन्हा सांगत होती.

सेमिस्टर संपल्यावर धाकटीच्या परतीच्या विमानाचा दिवस आला. चाचपे सकाळीच वर आला, दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा.

"काकू, तुम्हीपण चला विमानतळावर. तुमची लाडकी येतेय."

मी घडीताईकडे बघितले. ती त्याच्या मागे जिन्यात उभी होती. तिने डोळ्यांनी चला म्हटले. न जाणे संशयाचे झाले असते. टॅक्सीत तो पुढे बसला आणि ड्रायव्हरशी रस्त्याच्या कामांबद्दल गप्पा मारत राहिला.

बाहेर येणाऱ्यांसाठी काचेचे सरकते दार होते आणि अलीकडे कठडा. आम्ही कठड्याशी उभे राहिलो. विमान उतरल्याचे फलकावर आले. तेव्हा तो बायकोकडे न बघता बोलला.

"मी तिला गेल्या आठवड्यात फोन केला होता."

"काय म्हणून?"

"तू अंथरुणाला खिळलीस म्हणून. छातीचं दुखणं, डॉक्टरांनी आशा सोडली म्हणून. रडायला लागली. येते म्हणाली."

घडीताईने कठडा धरला. रविवारी धाकटीचा फोन आला नव्हता. परीक्षा असेल, असे आम्ही धरून चाललो होतो. आता फोन न येण्याचा अर्थ वेगळा दिसू लागला.

दार उघडे, लोक येत, दार मिटे. आतापर्यंत मी विमानतळावर लोकांना कुणीतरी येण्याची वाट बघताना बघितले होते. त्या दिवशी माझ्या शेजारी एक बाई आपली मुलगी येऊ नये म्हणून दाराकडे बघत होती. पाठीवर पिशवी घेतलेली एक मुलगी आली, चाल अगदी धाकटीची. घडीताईच्या तोंडून बारीक आवाज निघाला. ती मुलगी दुसरीच होती, कठड्याच्या पलीकडच्या कुणाच्यातरी गळ्यात पडली. मग जाड कोटातली एक आली, मान खाली घालून. ती वर बघेपर्यंत घडीताईने माझा हात एवढा घट्ट धरला की अंगठी बोटात रुतली. तीही नव्हती. चष्मेवाली मैत्रीण आली. एकटीच. तिने आम्हाला बघितले, चेहरा ओळखीचा नसल्यासारखा केला आणि गाडा ढकलत निघून गेली.

शेवटी वैमानिक आणि हवाई सुंदऱ्याही गेल्या. एक बाई फरशी पुसायला आली आणि आम्हाला बाजूला व्हायला लावून पुढे गेली.

घडीताईचे खांदे खाली आले. ते त्यानेही बघितले.

"चला," तो म्हणाला. "नाही आली."

घरी आल्यावर मी वर निघाले तर त्याने मला थांबवले. "या, काकू. तुमचंही काम आहे." त्याने कपाट उघडले आणि मधल्या खणातल्या चळतीवर तळवा ठेवला.

"ती गेली त्याच आठवड्यात मी इथे हात ठेवला होता," तो बायकोला म्हणाला. "कॉलर लागली हाताला. पुरुषाच्या शर्टाची, आत कडक पट्टी असलेली. आपल्या मुलीच्या कपड्यांना कॉलर कधीपासून आली?"

ती दिसण्यासाठी घडी घालत होती, आयुष्यभर तेच शिकली होती. हाताला काय लागेल याचा विचार तिच्या कामात कधी आलाच नव्हता. आणि मीही ते शर्ट धुऊन, कॉलरला जुन्या सवयीने स्टार्च करून दिले होते.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा ती पोचली होती. बोलून काय? फोन करून आणता येते का बघायचं होतं. आणि तू कशी वाट बघतेस तेही."

त्याने एकेक घडी काढून झटकली. ठिपक्यांच्या पट्ट्या जमिनीवर पडत गेल्या, शर्ट उलगडत गेले. आवाज तसाच शांत. "आता घाल घड्या. काकूंना नीट द्यायचे आहेत त्यांचे कपडे." ती खाली बसली आणि घड्या घालू लागली. तिचे हात नेहमीसारखेच चालत होते. दोन शर्ट झाल्यावर तो मला म्हणाला, "राहू द्या काकू, मीच आणून देईन कधीतरी. तुम्ही या आता." आणि माझ्यामागे दार लावले.

दुसऱ्या दिवशी तिच्या उजव्या हाताला प्लास्टर होते. कपाटाच्या दारात बोटे सापडली, असे तिने कारखान्यात सांगितले. कुणी काही विचारले नाही. रविवारी ती वर आली तेव्हा धाकटीचा फोन वाजत होता.

"आई? आई, तू बरी आहेस ना? बाबा म्हणाले... मी येते म्हणाले, म्हणजे त्यांनी तिकीट बदलून आधीच बोलावू नये म्हणून. मग फोन करायची हिंमतच झाली नाही. तुझा आवाज ऐकला असता तर आलेच असते."

"ठणठणीत आहे मी," घडीताई म्हणाली. "शहाणी गं माझी बाय. खाल्लंस का?"

बोटे सरळ झालीच नाहीत. पॅकिंगवरून तिला काढले आणि धागे कापायच्या टेबलावर बसवले, जिथे दिवसभर कापसाचा भुसा उडतो. पुढच्या दोन हिवाळ्यांत खोकला छातीत उतरला. फाटकावरच्या साहेबांनी चाचपेची बदली मागच्या गोदामावर केली. मुलगी न देणाऱ्या माणसाला फाटकावर ठेवायची त्यांना गरज नव्हती. पुतण्याचे लग्न अजून व्हायचेच होते, आणि धाकटी कधी येते याची चौकशी मात्र अधूनमधून होत असे. तो घरी बसून राही. मारहाण थांबली की नाही, मला ठाऊक नाही. खालून आवाज येत नसे, पण तो आधीही येत नव्हता.

तिला इस्पितळात दाखल केल्यावर रविवारचे फोन मी एकटी घेऊ लागले. घडीताईने मला काय सांगायचे ते सांगून ठेवले होते. कारखान्यात जादा काम आहे, रविवारीही बोलावतात. धाकटी ऐकून घेई, पण तिला ते पटत नाही हे मला कळत होते.

शेवटच्या भेटीत घडीताई उशीला टेकून बसली होती. श्वास पुरत नव्हता. पायथ्याशी इस्पितळाची चादर लोळागोळा होऊन पडली होती. तिने डाव्या हाताने ती ओढून सारखी करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"तिला कळवू का गं आता?" मी विचारले.

"कळवलंत तरी खरं धरायची नाही." ती हसली आणि हसण्याचा खोकला झाला. "तसंच शिकवलंय."

"म्हणून विचारते. नंतर तिला काय वाटेल?"

"वाटू दे, काकू. वाटायला जिवंत असेल ना."

दोन दिवसांनी, सकाळी, ती गेली.

तिसऱ्या दिवशी चाचपे वर आला. हातात यजमानांचे शर्ट होते, तिने त्या संध्याकाळी घड्या घातलेले. एवढा काळ ते त्याच कपाटात पडून होते. त्याने ते माझ्या टेबलावर ठेवले आणि उभाच राहिला. बसा म्हणायची माझी इच्छा नव्हती.

"तिला कळवा," तो म्हणाला. "मी फोन केला, तिने ठेवून दिला. तुमचं ऐकेल. सांगा तिला, या वेळी खरं आहे. एकदा येऊन जा म्हणावं. मी काही करणार नाही." तो रडत होता. तेही खरे असावे. त्याच्या शर्टाच्या खिशातून एका पाकिटाचा कोपरा डोकावत होता, त्यावर साहेबांच्या घरचा शिक्का होता. मी बघितले हे त्याला कळले आणि त्याने खिशावर हात ठेवला.

तो खाली गेल्यावर मी धाकटीला फोन लावला. तिकडे दुपार असावी, मागे कुठेतरी भांडी वाजत होती.

"बाळ, तुझी आई गेली. परवा सकाळी."

भांड्यांचा आवाज बंद झाला, बहुधा तिने दार लावले.

"आजी, आईने मला काय सांगितलंय ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. मी तिथेच होते."

"मग तुम्हाला बाबांनी सांगायला लावलं का? ते शेजारी उभे आहेत का?"

"नाही. मी एकटी आहे. मी खरं सांगतेय. आणि ऐक, येऊ नकोस."

मग ती अगदी लहान आवाजात म्हणाली, "आजी, या दोन वर्षांत जेवढे निरोप आले ना, सगळ्यांच्या शेवटी 'ये' होतं. आई आजारी आहे, ये. आई पडली, ये. येऊ नको म्हणून कुणी सांगितलं नव्हतं."

"हं."

"म्हणजे गेली."

"हो गं."

ती रडली नाही, निदान मला ऐकू येईल असे नाही. तिने विचारले, आईला शेवटी कोणता ड्रेस घातला. मी सांगितले, निळा, पांढऱ्या काठाचा, तिने स्वतःच बाजूला काढून ठेवलेला. घडी कशी होती, असे तिने विचारले. वाकडी होती, मी म्हणाले, डाव्या हाताने घातलेली.

"डाव्या का?" धाकटीने विचारले.

तिला ते कोणी सांगितले नव्हते. मी खुर्ची ओढून घेतली आणि सांगायला सुरुवात केली.